आधी प्रश्न, मग कोर्स : अमेरिकन स्टडीजच्या पदवीची आखणी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

अमेरिकेतल्या पदवी शिक्षणाबद्दल मराठीत जे लिहिले जाते ते बहुतेक संगणक, अभियांत्रिकी आणि व्यवस्थापन या तीन वाटांवर थांबते. अमेरिकन स्टडीज, म्हणजे अमेरिकेचा इतिहास, समाज आणि संस्कृती यांचा एकत्रित अभ्यास, हा मुख्य विषय घेणाऱ्या मराठी मुलांना, मग ती तिथेच वाढलेली असोत वा इथून गेलेली, आपल्या भाषेत वाचायला जवळजवळ काहीच मिळत नाही. या पदवीच्या आखणीत होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत, त्यांची कारणे ठाऊक आहेत आणि पहिल्या दोन वर्षांत लक्ष दिले तर त्या टाळता येतात. म्हणून हे सविस्तर पत्र.

सर्वांत मोठी चूक समजुतीतच आहे. या पदवीत इतिहास, इंग्रजी साहित्य, समाजशास्त्र, राज्यशास्त्र, मानववंशशास्त्र, कला, संगीत, भूगोल अशा अनेक विभागांचे कोर्स मोजले जातात. त्यामुळे ‘आवडेल ते घ्या, सगळे चालते’ असा समज होतो. मग चौथ्या वर्षी गुणपत्रिकेवर दोन सिनेमाचे कोर्स, एक जॅझचा, एक यादवी युद्धाचा, एक स्थलांतराचा आणि एक जाहिरातींचा, असा ढीग दिसतो. त्यातला प्रत्येक कोर्स चांगला असेल, पण त्यांचा एकमेकांशी संबंध नसतो. प्रबंधाची वेळ आली की विद्यार्थ्याला कोणतीच पद्धत पुरेशी येत नाही. पाच शाखांचे कोर्स केल्याने अभ्यास आंतरविद्याशाखीय होत नाही. एकच प्रश्न दोन वेगळ्या पद्धतींनी सोडवायचा आणि दोन्ही उत्तरे जिथे जुळत नाहीत तिथे थांबून विचार करायचा, तेव्हा तो तसा होतो.

म्हणून आमचे सांगणे एकच आहे : आधी प्रश्न ठरवा आणि शेवटच्या वर्षाच्या प्रबंधापासून मागे मागे येत कोर्स निवडा.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. १९५६ च्या महामार्ग कायद्याने आंतरराज्य महामार्गांच्या खर्चाचा ९० टक्के भार केंद्र सरकारने उचलला. मिनेसोटातल्या सेंट पॉल शहरात आय-९४ हा महामार्ग रोंडो नावाच्या कृष्णवर्णीय वस्तीच्या मधोमध गेला. रस्ता तिथूनच का गेला आणि वस्तीच्या आठवणीत त्याचे काय उरले, असा प्रश्न विद्यार्थ्याने घेतला असे समजू. पहिल्या भागासाठी त्याला शहर नियोजनाची कागदपत्रे, सॅनबॉर्न कंपनीचे आगविम्यासाठी काढलेले इमारतवार नकाशे आणि जनगणना वाचता आली पाहिजे. व्यक्तिगत जनगणना पत्रके ७२ वर्षांनी खुली होतात. १९५० ची २०२२ मध्ये खुली झाली, म्हणजे महामार्गाच्या आधीची वस्ती आता घरोघर पाहता येते. दुसऱ्या भागासाठी मौखिक इतिहास, वस्तीतली वृत्तपत्रे, चर्चच्या स्मरणिका, गाणी, कथा लागतात. म्हणजे शहरी इतिहासाचा एक कोर्स, नकाशांवर माहिती मांडणाऱ्या जीआयएसचा एक, प्राथमिक संख्याशास्त्राचा एक, मौखिक इतिहासाच्या पद्धतीचा एक आणि आफ्रिकन-अमेरिकन साहित्याचा एक, अशी यादी प्रश्नातूनच तयार होते. संख्याशास्त्र जीआयएसच्या आधी हवे आणि मौखिक इतिहास प्रबंधाच्या किमान एक सेमिस्टर आधी, हा क्रमही प्रश्नच ठरवतो.

याच उदाहरणात नेहमीची घसरगुंडीही आहे. १९३३ साली स्थापन झालेल्या होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन या सरकारी संस्थेने त्या दशकात दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे करून वस्त्यांना कर्जाच्या जोखमीनुसार चार रंग दिले; लाल म्हणजे सर्वाधिक जोखीम. रिचमंड विद्यापीठाने ते संकेतस्थळावर खुले केले आहेत. नकाशा लाल दिसला की विद्यार्थी लगेच लिहितो, ‘म्हणून इथे कर्ज मिळाले नाही.’ पण गृहकर्जांना विम्याची हमी देणारी फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन ही वेगळी सरकारी संस्था होती, तिचे स्वतःचे भेदभावाचे निकष होते, आणि या रंगीत नकाशांचा प्रत्यक्ष कर्जांवर किती परिणाम झाला याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. एकच पद्धत येणाऱ्याला हा खड्डा दिसत नाही. नकाशा आणि कर्जाचे कागद शेजारी ठेवणाऱ्याला तो दिसतो.

आता हिशेब. सेमिस्टर पद्धतीत पदवीसाठी साधारण १२० क्रेडिट लागतात, क्वार्टर पद्धतीत १८०. १२० पैकी मुख्य विषयाचे ३० ते ४०, म्हणजे तीन-तीन क्रेडिटचे दहा ते तेरा कोर्स. बाकीचे सर्वसाधारण शिक्षण आणि ऐच्छिक. केंद्रीय व्याख्येनुसार एका क्रेडिटमागे आठवड्याला एक तास वर्ग आणि वर्गाबाहेर किमान दोन तास काम धरलेले असते. १५ क्रेडिट म्हणजे आठवड्याला ४५ तास. अमेरिकन स्टडीजच्या वरच्या पातळीच्या सेमिनारला (छोट्या चर्चावर्गाला) आठवड्याला एक आख्खे पुस्तक वाचावे लागणे नेहमीचे आहे, म्हणून एका सेमिस्टरमध्ये असे दोनच सेमिनार घ्यावेत. तीन घेतले की दहाव्या आठवड्यात वाचन सुटते, चर्चेत बोलता येत नाही आणि तिन्हीकडचे शेवटचे निबंध एकाच आठवड्यात येतात.

त्या दहा-तेरा कोर्सांतल्या मुख्य कोर्सची रचना आम्ही अशी सुचवतो. पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सेमिस्टरला विषयप्रवेशाचा कोर्स. दुसऱ्या वर्षी अमेरिकेच्या इतिहासाचे दोन पायाभूत कोर्स (बहुतेक ठिकाणी ते १८६५ पाशी, म्हणजे यादवी युद्धाच्या शेवटाशी, किंवा १८७७ पाशी, म्हणजे त्यानंतरच्या पुनर्रचनेच्या शेवटाशी विभागलेले असतात) आणि त्याच वर्षी पद्धतिशास्त्राचा, म्हणजे संशोधनाच्या पद्धतींचा सेमिनार. हा सेमिनार तिसऱ्या वर्षाच्या शेवटापर्यंत ढकलू नये. ज्यांनी ढकलला त्यांना तोवर केलेल्या कोर्सांत काय शोधायचे होते ते उशिरा कळते. मग एकाच प्रश्नाभोवती गुंफलेले चार-पाच कोर्स, आणि शेवटच्या वर्षी एक किंवा दोन सेमिस्टरचा प्रबंध. या चार-पाचांत किमान एक १८६५ पूर्वीच्या काळाचा असावा आणि एक अमेरिकेला सीमेबाहेरून पाहणारा असावा. सगळे कोर्स १९४५ नंतरचे घेण्याचा मोह फार मोठा असतो. तसे केल्यास गुलामगिरी, मूलनिवासी राष्ट्रांशी झालेले करार आणि जमिनीची वाटणी हे सारे दुसऱ्याच्या पुस्तकातल्या प्रस्तावनेपुरते उरते, आणि विसाव्या शतकाबद्दलचे लिखाणही त्यामुळे उथळ होते.

पद्धती किती शिकाव्यात? आमचे ठाम मत आहे की दोन, आणि त्या नीट. प्रत्येकीचे दोन कोर्स, त्यांतला एक वरच्या पातळीचा. साहित्याचे सूक्ष्म वाचन आणि अभिलेखागारातले काम ही जोडी जुनी आणि भक्कम आहे. संख्याशास्त्र आणि मौखिक इतिहास ही जोडी अवघड, पण फार उपयोगी. दोन्ही पद्धती एकाच घराण्यातल्या, उदाहरणार्थ सिनेमा-समीक्षा आणि साहित्य-समीक्षा, घेतल्यास पदवी तांत्रिकदृष्ट्या पूर्ण होते, पण पुराव्याचा एकच प्रकार हाताळता येतो.

महाविद्यालय निवडताना माहितीपत्रकावर विसंबू नये. अमेरिकन स्टडीज या नावाखाली बरेच वेगवेगळे अभ्यासक्रम चालतात आणि त्याला कारण विषयाचा इतिहास आहे. अमेरिकन स्टडीज असोसिएशन १९५१ ची. त्या पिढीतले अनेक अभ्यासक साहित्यातली मिथके आणि प्रतीके यांतून एक ‘अमेरिकन मन’ शोधत होते. पुढे हे मन नेमके कोणाचे, हा प्रश्न उभा राहिला. सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजमधला विद्यार्थी-संप नोव्हेंबर १९६८ ते मार्च १९६९ चालला आणि त्यातून तिथे एथ्निक स्टडीजचे, म्हणजे अमेरिकेतल्या वांशिक समूहांच्या अभ्यासाचे, स्वतंत्र शिक्षण उभे राहिले. त्यानंतर वंश, लिंगभाव, साम्राज्य, कामगार हे प्रश्न विषयाच्या मध्यभागी आले. आज कुठे हा विषय साहित्याकडे झुकलेला आहे, कुठे वस्तुसंस्कृती आणि संग्रहालयांकडे, तर सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात विभागाच्या नावातच ‘एथ्निसिटी’ आहे. झुकाव ओळखायचा असेल तर दोन गोष्टी मागून घ्याव्यात : पद्धतिशास्त्राच्या सेमिनारची वाचनयादी आणि मागच्या चार वर्षांतल्या प्रबंधांची शीर्षके. त्या दोन पानांत सगळे कळते.

तिसरी गोष्ट म्हणजे तो ‘डिपार्टमेंट’ आहे की ‘प्रोग्रॅम’. डिपार्टमेंटचे स्वतःचे प्राध्यापक असतात. प्रोग्रॅम बहुधा इतर विभागांतून प्राध्यापक उसने घेतो. प्रोग्रॅम वाईट असतो असे नाही, पण इतिहास विभागाला आपल्या मुलांसाठी तो प्राध्यापक हवा झाला की अमेरिकन स्टडीजचा कोर्स त्या वर्षी होत नाही. म्हणून प्रोग्रॅममध्ये प्रवेश घेणाऱ्याने पुढच्या दोन वर्षांत कोणते कोर्स होणार आहेत, कोण रजेवर जाणार आहे, हे विचारून लिहून ठेवावे. अनेक वरच्या पातळीचे कोर्स वर्षाआड होतात. तिसऱ्या वर्षी चुकलेला कोर्स चौथ्या वर्षी मिळेलच असे नाही.

जिथे हा विषयच नाही, किंवा असलेला विषय प्रश्नाला पुरत नाही, तिथे स्वतः रचलेल्या मेजरची (मुख्य विषयाची) सोय असू शकते. न्यूयॉर्क विद्यापीठाचे गॅलॅटिन स्कूल आणि इंडियाना विद्यापीठाचा इंडिव्हिज्युअलाइज्ड मेजर प्रोग्रॅम यासाठीच आहेत. कॅलिफोर्निया विद्यापीठात, बर्कलीला तर अमेरिकन स्टडीजच्या आतच विद्यार्थ्याने आपले अभ्यासक्षेत्र स्वतः रचायचे असते. अशा प्रस्तावात समितीला तीन गोष्टी पाहायच्या असतात : हा प्रश्न आधीच असलेल्या कोणत्याही मेजरमध्ये का बसत नाही, प्रत्येक कोर्स त्या प्रश्नाच्या कोणत्या भागाला उत्तर देतो, आणि एखादा कोर्स झालाच नाही तर पर्याय कोणता. तिसरा मुद्दा विसरल्यामुळे चांगले प्रस्ताव परत येतात. प्रत्येक मुख्य कोर्ससमोर एक बदली कोर्स लिहावा.

नोंदणीच्या पातळीवरचे धोके छोटे वाटतात, पण त्यांनी सेमिस्टर वाया जाते. एकच कोर्स इतिहास आणि अमेरिकन स्टडीज अशा दोन सांकेतांकांखाली असतो. दोन्ही नावांनी तो दोनदा मोजला जात नाही, आणि चुकीच्या सांकेतांकाखाली नोंदवल्यास डिग्री ऑडिटमध्ये, म्हणजे पदवीच्या अटी किती पुऱ्या झाल्या हे दाखवणाऱ्या तक्त्यात, तो मुख्य विषयात दिसत नाही. मेजर आणि मायनर (दुय्यम विषय) यांत सामायिक कोर्स किती चालतात यावर बहुधा मर्यादा असते. शाळेत असताना दिलेल्या महाविद्यालयीन पातळीच्या एपी परीक्षेतल्या अमेरिकन इतिहासाचे क्रेडिट सर्वसाधारण शिक्षणात चालले तरी मेजरमध्ये चालेलच असे नाही. दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजमधून येणाऱ्यांचे प्राथमिक कोर्स सहसा पुढे चालतात. पद्धतिशास्त्राचा सेमिनार मात्र नव्या जागीच करावा लागतो, म्हणून तो आल्या आल्या करावा.

राज्याचे नियम वेगळेच. टेक्सासच्या सरकारी विद्यापीठांत कायद्याने अमेरिकन इतिहासाचे सहा आणि शासनव्यवस्थेचे सहा क्रेडिट सर्वांनाच लागतात. कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठात २०२० च्या कायद्यामुळे एथ्निक स्टडीजचे तीन युनिट (म्हणजे क्रेडिट) सक्तीचे झाले. अमेरिकन स्टडीजच्या विद्यार्थ्याला ही ओझी वाटण्याचे कारण नाही. यांतले कोर्स मेजरमध्येही धरले जातात का, एवढे पहिल्याच सेमिस्टरला विचारावे. प्रवेशाच्या वर्षाचा कॅटलॉग (पदवीच्या अटींची पुस्तिका) मात्र जपून ठेवावा. मधल्या काळात नियम बदलले तर बहुधा त्याच कॅटलॉगचा आधार घेता येतो.

मराठी वाचणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. घरची भाषा हे या विषयात संशोधनाचे साधन आहे. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती निग्रो गुलामगिरीविरुद्ध झटणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून एम.डी. मिळवली, त्या कॉलेजचे दप्तर आज ड्रेक्सेल विद्यापीठाच्या वैद्यकीय अभिलेखागारात आहे. डॉ. आंबेडकर १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते, आणि १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना लिहिलेले पत्र मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट येथील संग्रहात असून ते घरबसल्या वाचता येते. नॅशनल निग्रो काँग्रेस या कृष्णवर्णीयांच्या संघटनेने संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती त्यांनी त्यात मागितल्या होत्या. जात आणि वंश यांची तुलना अमेरिकेत कोणी, केव्हा, कशासाठी केली, हा पदवी पातळीवर पेलण्याजोगा आणि मराठी साधनांशिवाय अपुरा राहणारा प्रश्न आहे. त्याला भगतसिंग थिंड या पंजाबहून गेलेल्या स्थलांतरिताचा १९२३ चा नागरिकत्वाचा खटला जोडता येतो. त्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘गोरा’ या शब्दाचा अर्थ सामान्य माणसाच्या समजुतीवर सोडला आणि भारतीयांना नागरिकत्वाची वाट बंद केली. ती १९४६ च्या कायद्याने उघडली, आणि त्याच कायद्याने भारतातून नव्याने येणाऱ्यांसाठी वर्षाला शंभर जणांचा कोटा ठेवला. पण इथेही एक धोका आहे. जात आणि वंश एकच मानून सुरू केलेला प्रबंध शेवटी तेच सिद्ध करतो. दोन्ही शब्द त्या त्या काळच्या कागदांत कसे वापरले गेले ते आधी पाहावे.

पदवीसाठी इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेची अट असल्यास ती मराठीने पूर्ण होते का, हे पहिल्या वर्षीच विचारावे. मराठीचा परीक्षकच नसेल तर तो शोधायला विद्यापीठाला वेळ लागतो.

साधनांबद्दल थोडे. प्रश्न ठरवताना त्यात एक जागा, एक कालखंड आणि एक नाव घेता येईल असा साधनसंग्रह असावा. ‘अमेरिकन स्वप्न’ हा प्रश्न नाही. जे कागद मिळणारच नाहीत त्यांवर आखणी करू नये : १८९० च्या जनगणनेची बहुतेक पत्रके १९२१ ची आग आणि त्यानंतर सरकारनेच लावलेली विल्हेवाट यांमुळे नष्ट झाली, आणि माहिती अधिकाराखाली केंद्र सरकारकडे केलेला अर्ज एका सेमिस्टरमध्ये फळेल असे धरून चालू नये. जे कागद सहज मिळतात त्यांचीही तपासणी हवी. लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये १९३६ ते १९३८ या काळात घेतलेल्या, पूर्वी गुलाम असलेल्या माणसांच्या तेवीसशेहून अधिक मुलाखती आहेत. त्या अमोल आहेत. पण मुलाखत घेणारे बहुतेक गोरे होते, काळ मंदीचा होता, सांगणारे वृद्ध होते आणि त्यांची बोली लिहून घेणाऱ्याने आपल्या कल्पनेने लिहिली होती. म्हणून त्यातले वाक्य उद्धृत करण्यापूर्वी कोणी, कुठे, कोणासमोर सांगितले ते लिहावे.

स्वतः मुलाखती घ्यायच्या असतील तर माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देणाऱ्या विद्यापीठाच्या आयआरबी समितीकडे आधी जावे. केंद्रीय नियमांच्या २०१८ च्या सुधारित आवृत्तीनुसार मौखिक इतिहास ‘संशोधन’ या व्याख्येबाहेर ठेवला आहे, पण तुमचे काम त्यात बसते की नाही हे समितीच ठरवते. समाजशास्त्रीय प्रश्नावलीला ही सूट नाही. हा अर्ज सप्टेंबरमध्ये केला आणि मुलाखती त्याच महिन्यात ठरवल्या तर वेळापत्रक कोलमडते. तो आधीच्या वसंत सत्रात (साधारण जानेवारी ते मे) करावा.

इथून एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जाणाऱ्यांनी आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. प्रत्येक सेमिस्टरला किमान १२ क्रेडिट हवेत आणि त्यांत ऑनलाइन कोर्स एकच मोजला जातो. अमेरिकन स्टडीजचा सरकारी सांकेतांक ०५.०१०२ आहे आणि तो स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत नाही. म्हणजे पदवीनंतरची ओपीटी, अर्थात आपल्या विषयात काम करण्याची परवानगी, बारा महिन्यांची. चोवीस महिन्यांची वाढ या पदवीवर मिळत नाही. संख्याशास्त्रासारखा दुसरा मेजर जोडल्यास हे गणित बदलू शकते, मायनरने बदलत नाही. संग्रहालयात किंवा अभिलेखागारात पगारी इंटर्नशिप करायची तर सीपीटी, म्हणजे शिकत असतानाची कामाची परवानगी, लागते, ती अभ्यासक्रमाचा भाग असावी लागते आणि सहसा एक शैक्षणिक वर्ष पूर्ण झाल्यावरच मिळते. म्हणून इंटर्नशिपचा कोर्स मेजरच्या यादीत आहे का हे प्रवेशापूर्वीच पाहावे. तो नसेल तर नंतर फक्त आपल्यासाठी निर्माण होत नाही.

राहिला मार्गदर्शक. ऑनर्स प्रबंधाची नोंदणी बहुधा तिसऱ्या वर्षाच्या वसंत सत्रात बंद होते, आणि ज्यांच्याकडे जायचे ते प्राध्यापक पुढच्या वर्षी रजेवर असू शकतात. तिसऱ्या वर्षाच्या ऑक्टोबरात त्यांच्या कार्यालयीन वेळेत जावे, सोबत एक पान न्यावे : वर प्रश्न, खाली दोन पद्धती आणि त्या शिकवणारे कोर्स, त्याखाली साधनसंग्रहाचे नाव. दुसरा मार्गदर्शक दुसऱ्या पद्धतीचा असावा, आणि दोघांनाही ते एकच पान द्यावे.

कळावे,

आपले,
अमेरिकन स्टडीजचे काही अध्यापक व विद्यार्थी-सल्लागार